धागा तुटला की थांबणारा माग आणि घाट चढणारी क्वालिस

(कुडपण, ता. पोलादपूर, जि. रायगड येथे ग्रामस्थ, चाकरमानी आणि वाहनचालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय तो असा : टोयोटाच्या गाड्या एवढ्या टिकतात कशा, आणि आपण ती घ्यावी का. प्रश्न दोन आहेत आणि दोन्हींची उत्तरं एक नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. गावातली दोन-तीन पोरं कर्ज काढून गाडी घ्यायच्या विचारात आहेत, पावसाळ्यात धबधबा बघायला येणारे लोक पोलादपूरहून वर आणायचे, एरवी गावचं भाडं मारायचं, असा हिशेब आहे, असं मला सरपंचांनी सांगितलं. म्हणजे आज मी जे बोलेन त्यावर कुणाच्या तरी पाच-सात वर्षांच्या हप्त्याचा प्रश्न आहे. गाडी गॅरेजात उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. तेव्हा जपूनच बोलतो.

आपला रस्ता तुम्हाला मी काय सांगणार! आंबेनळी घाटाचा रस्ता सोडून आत वळलं की चढ, वळण, परत चढ. जुलैत धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. २०२१ च्या जानेवारीत लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेला ट्रक इथेच दरीत गेला, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच वर्षी जुलैत दरडी आल्या, घाट बंद पडला. अशा ठिकाणी गाडी म्हणजे मिरवायची वस्तू नाही. रात्री कुणाला पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं झालं तर पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी दारात आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

आता जपानकडे जाऊ. थोडं लांबून येतोय, पण परत घाटातच येणार आहे.

टोयोटाची सुरुवात मोटारीपासून नाही, हातमागापासून आहे. साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७. आई आणि शेजारपाजारच्या बायका रात्र-रात्र मागावर बसायच्या. त्यांचं काम हलकं व्हावं म्हणून त्यानं आधी लाकडी हातमाग सुधारला. तेव्हापासून आयुष्यभर एकच नाद, माग. १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग तयार झाला, त्याला 'जी' प्रकारचा माग म्हणतात. त्यात एक खुबी होती. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा.

ऐकायला साधी गोष्ट वाटते. पण विचार करा. त्याआधी धागा तुटला तरी यंत्र चालूच राहायचं, आणि वारभर कापड फुकट गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात यायचं. म्हणून प्रत्येक मागापाशी माणूस डोळे लावून बसलेला. आता माग स्वतःच थांबतो म्हटल्यावर एक माणूस कितीतरी माग सांभाळू लागला, आणि खराब कापड निघायचंच बंद झालं. जपानीत या तत्त्वाला जिडोका म्हणतात. चूक झाली की तिथेच थांबायचं, चूक पुढे ढकलायची नाही. शब्द लक्षात राहिला नाही तरी चालेल, तुटलेला धागा लक्षात ठेवा.

१९२६ मध्ये मागाचा कारखाना निघाला. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं या मागाचे हक्क घेतले, करार एक लाख पौंडांचा. त्या काळी मागाच्या धंद्यात इंग्लंड म्हणजे गुरू, आणि गुरूनं शिष्याकडून यंत्र विकत घेतलं. साकिची १९३० मध्ये गेला. त्याच्या मुलानं, किइचिरोनं, मागाच्याच कारखान्यात १९३३ मध्ये मोटारीचा विभाग काढला. १९३५ मध्ये ट्रक आला, १९३६ मध्ये पहिली मोटार, आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी. आडनाव टोयोदा, कंपनी टोयोटा. जपानी लिपीत टोयोटा लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ आकडा त्यांच्याकडे शुभ मानतात. टोयोदा या नावाचा अर्थ माहितीय? भरघोस पिकणारं भातखाचर! कोकणातल्या माणसाला हे आडनाव परकं वाटायला नको.

एक गंमत जाता जाता. सुझुकी कंपनीसुद्धा मागाचीच. १९०९ मध्ये हामामात्सू इथे मिचिओ सुझुकीनं मागाचा कारखाना काढला. साकिचीचं जन्मगाव तिथून जवळच. म्हणजे आज महाडच्या रस्त्यावर ज्या दोन जपानी नावांच्या गाड्या सगळ्यात जास्त दिसतात, ती दोन्ही नावं एकाच मुलखातल्या विणकरांच्या गावांतून आली.

टोयोटाचं सगळं सुरळीत गेलं असं मात्र नाही. युद्धानंतर कंपनी बुडायच्या बेतात आली. १९५० मध्ये संप झाला, दीड हजारांहून जास्त कामगार घरी गेले आणि किइचिरोनं जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकी सैन्यानं ट्रक मागवले आणि कंपनी वाचली. दोन वर्षांत किइचिरो वारला. कष्टानं वाचली हे खरंच, पण दुसऱ्याच्या युद्धानं वाचली हेही खरं. कंपनीचं गुणगान करताना लोक दुसरं वाक्य गाळतात.

तुमच्या कामाची गोष्ट १९५१ ची. टोयोटानं जीपसारखी एक गाडी बनवली होती, पुढे तिचं नाव लँड क्रूझर झालं. ती चालते की नाही हे दाखवायला त्यांनी तिला फुजी डोंगरावर चढवलं, सहाव्या टप्प्यापर्यंत. कागदावरचे आकडे नाही दाखवले, डोंगर दाखवला. आपल्याकडच्या मिस्त्रीची परीक्षाही तीच असते, नाही का? गाडी दुरुस्त झाली म्हणतो ना, मग घाट चढवून दाखव.

आता मराठी मुलखात येऊ, कारण या गाडीचं आपल्याशी नातं आहे. टोयोटाच्या मागे भारतात नाव लागतं किर्लोस्कर. तुम्हाला किर्लोस्कर म्हटलं की विहिरीवरचं इंजिन आठवणार. मूळ पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. म्हणजे साकिचीहून दोन वर्षांनी लहान. लक्ष्मणराव मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, मग बेळगावला सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला. शेतकरी घेईनात! लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानानं कुंडलजवळ माळरानाची जागा दिली, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिकडे बाईच्या हाताला सोपा व्हावा म्हणून माग, इकडे बैलाला सोपा व्हावा म्हणून नांगर.

पुढे लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाशी संबंध जुळवला, आणि तो आधी मोटारीसाठी नव्हे, तर कापडाच्या यंत्रांसाठी. १९९५ मध्ये मागवाल्या टोयोदा कंपनीबरोबर बेंगळुरूला सूतकताईच्या यंत्रांचा कारखाना. त्यानंतर १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर. कारखाना बेंगळुरूजवळ बिडदीला. आज त्यात टोयोटाचा वाटा ८९ टक्के, किर्लोस्करांचा ११. तेव्हा 'आपल्या माणसाची कंपनी' हे अभिमानापुरतं म्हणा, मालक जपानीच. विक्रम किर्लोस्कर नोव्हेंबर २०२२ मध्ये वारले. आता छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना काढायचा करार २०२४ च्या जुलैत राज्य सरकारबरोबर झालाय, २० हजार कोटींचा. तो उभा राहील तेव्हा बघू.

बिडदीतून पहिली गाडी आली ती क्वालिस, जानेवारी २०००. आणि इथे मला जरा रमायचंय.

क्वालिस मुळात इंडोनेशियाची. तिथे १९७७ पासून टोयोटा एक साधी, स्वस्त, माणसं आणि माल दोन्ही वाहणारी गाडी विकत होती, नाव किजांग. किजांग म्हणजे काय? भेकर! आपल्या रानात संध्याकाळी भुंकतं तेच भेकर. डोंगरात चपळ, अंगानं लहान, कशावरही जगणारं. नाव अगदी चपखल. त्या किजांगचा तिसरा अवतार भारतात क्वालिस म्हणून आला. इंडोनेशियात तोवर चौथा अवतार आला होता, म्हणजे आपल्याला त्यांची आदली गाडी मिळाली. मोटारींवर लिहिणाऱ्यांनी नाकं मुरडली, डबा म्हणाले. चुकीचं म्हणत नव्हते, दिसायला डबाच होती.

पण टॅक्सीवाल्यांनी तो डबा डोक्यावर घेतला. का? तिच्याखाली शिडीसारखी चासी, ट्रकला असते तशी. मागे पाटे. मागची चाकं ओढणारी. इंजिन २.४ लिटरचं डिझेल आणि ताकद फक्त ७५ अश्वशक्ती. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढी कमी ताकद काढली, म्हणजे ते इंजिन कधी जिवाच्या आकांतानं पळतच नव्हतं. टर्बो नाही. पंप आणि नोझल नीट असले की झालं. खांद्यावर पन्नास किलो पेलणाऱ्या हमालाला रोज पंचवीसच उचलायला लावलं तर त्याची कंबर किती वर्षं टिकेल? तसं ते.

मालकांची मतं मी बरीच वर्षं ऐकतोय, पोलादपूरच्या स्टँडवर, महाडच्या गॅरेजांत. क्वालिसवाला काय म्हणतो? चढाला हळू आहे, ओव्हरटेकचं नाव काढू नका. मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्यांना वळणावळणाला मळमळतं. रिकामी असली की पाट्यांवर उड्या मारते, भरली की शांत. हे सगळं सांगून झालं की मग म्हणतो, पण इंजिनला हात लावला नाही अजून. या शेवटच्या वाक्यासाठी आधीची सगळी गाऱ्हाणी तो माफ करतो. मला वाटतं 'टोयोटा टिकते' हे मत भारतात जाहिरातीनं नाही बनलं, या अशा वाक्यांनी बनलं.

२००५ मध्ये, ऐन खपात असताना, कंपनीनं क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. इंडोनेशियात तिचं नाव आजही किजांग इनोव्हा, म्हणजे भेकराचंच पिल्लू. क्वालिसवाले तेव्हा भडकले होते. चालती गाडी बंद कशाला करता? पण इनोव्हानं तेही मन वळवलं. चासी तीच शिडीची, ओढणारी चाकं मागचीच, पण पाट्यांच्या जागी स्प्रिंग आणि इंजिन २.५ लिटरचं टर्बोवालं, १०२ अश्वशक्तीचं. माणूस मागे बसून झोपू शकतो, हे चाकरमान्यांनी पहिल्यांदा अनुभवलं. मुंबईहून रात्री निघून सकाळी गावात, आणि कंबर शाबूत!

२०१६ ची क्रिस्टा आणखी मोठी. ताकदीला घाट कमी पडतो. पण रुंदी १८३० मिलिमीटर, म्हणजे सहा फूट, वर दोन आरसे बाहेर. समोरून एसटी आली की आपल्या रस्त्यावर कुणी मागे जायचं, यावर पंधरा मिनिटं जातात. इनोव्हाचे मालक इथेच पहिल्यांदा तक्रार करतात. दुसरी तक्रार पैशांची. सुटे भाग महाग, आणि गाडीची मूळ किंमतच अशी की भाड्याचा हिशेब बसवताना घाम फुटतो.

आणि २०२२ च्या शेवटी आली हायक्रॉस. नाव इनोव्हाच, पण आतून वेगळी गाडी. शिडीची चासी गेली, डिझेल गेलं, पुढची चाकं ओढणारी झाली. पेट्रोल आणि बॅटरी मिळून चालते. शहरात आवाज नाही, अ‍ॅव्हरेज सुरेख, मालक खूश. घाटवाले साशंक, आणि त्याला कारण आहे. चढाला गाडीचं वजन मागे सरकतं. पाठीवर गोणी घेऊन चढताना आपण पुढे वाकतो, कारण वजन मागे खेचतं, तसंच. मागची चाकं ओढणारी असतील तर वजन त्यांच्यावरच पडतं, पकड वाढते. पुढची ओढणारी असतील तर चढात तीच हलकी होतात. कोरड्या डांबरावर काही बिघडत नाही. पण सात माणसं, टपावर सामान, आणि वळणावर दरडीची ओली माती आली असेल, तर पुढची चाकं जागच्या जागी फिरू शकतात. हायक्रॉस वाईट गाडी नाही. ती दुसऱ्या रस्त्याची गाडी आहे.

अजून एक फसगत टाळा. हल्ली टोयोटा आणि सुझुकी यांचा समझोता आहे. ग्लान्झा म्हणजे बलेनो, रुमियन म्हणजे अर्टिगा. गाड्या चांगल्या आहेत, स्वस्तात चालतात, पण बिल्ला टोयोटाचा बघून 'क्वालिससारखी टिकेल' असं धरून चालू नका. ती सुझुकीची गाडी आहे, तिला सुझुकीच्याच मापानं मोजा.

आता कडू गोष्ट. टोयोटा म्हणजे चूकच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

त्या मागाचं तत्त्व कारखान्यात असं आलं की कुठलाही कामगार, अगदी नवखासुद्धा, दोरी ओढून पूर्ण ओळ थांबवू शकतो. काही चुकलंय असं दिसलं की ओढ दोरी. जगानं त्याची नक्कल केली. पण २००९-१० मध्ये अमेरिकेत एकाएकी वेग घेणाऱ्या गाड्यांच्या तक्रारी आल्या, पेडल अडकण्याचे प्रकार निघाले, जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीचे प्रमुख आकिओ टोयोदा, किइचिरोचे नातू, २४ फेब्रुवारी २०१० ला अमेरिकेच्या संसदेपुढे उभे राहिले आणि माफी मागितली. कंपनी फार झपाट्यानं वाढली, असं ते स्वतःच म्हणाले. पुढे २०१४ मध्ये ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल १२० कोटी डॉलर भरावे लागले.

आणि दुसरी गोष्ट अगदी आपल्या दारातली. जानेवारी २०२४. टोयोटाची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कंपनीनं ताकदीच्या सरकारी चाचणीत गडबड केल्याचं उघड झालं. चाचणीच्या वेळी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये जे सॉफ्टवेअर होतं, ते विकायच्या गाडीतलं नव्हतं, म्हणजे आकडे एकसारखे, नीटनेटके दिसावेत अशी सोय. भारतात क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांचं वितरण काही दिवस थांबवलं गेलं. विकलेल्या गाड्यांची ताकद ठरल्याइतकी आहे, त्या वापरायला हरकत नाही, असं कंपनीनं सांगितलं, आणि वितरण परत सुरू झालं. तुमच्या क्रिस्टाला त्यानं काही इजा झालेली नाही. पण ती इंजिनं बनवणारी कंपनी कुठली, माहितीय? टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे १९२६ चा तोच साकिचीचा मागाचा कारखाना! धागा तुटला होता आणि या खेपेला माग चालूच राहिला.

बिडदीतही २०२० च्या नोव्हेंबरात कामगारांचा वाद होऊन टाळेबंदी झाली होती, कामाचा बोजा वाढला ही त्यांची तक्रार. दोरी ओढायचा हक्क भिंतीवर लिहिलेला असतो, ओढायची हिंमत कुणाला किती होते ते आत काम करणाऱ्यालाच माहीत.

मग घ्यायची का नाही?

एक तर, नवी मोठी गाडी धबधब्याच्या भरवशावर घेऊ नका. पर्यटक पावसाळ्यात येतात आणि पावसाळ्यातच घाट बंद पडतो. या दोन गोष्टी हिशेबाच्या वहीत शेजारी-शेजारी लिहा आणि मग हप्ता बघा. भाड्यासाठी माझ्या मते जुनी इनोव्हा, २००५ ते २०१५ मधली, एकाच मालकाच्या हातची, ही आपल्या रस्त्याला सगळ्यात जवळची. रुंदी सोसवते, चढ जमतो, आणि महाडच्या कुठल्याही मिस्त्रीचे हात तिच्यावर बसलेले आहेत. शेवटचा मुद्दा कंपनीच्या पत्रकात कधी नसतो, पण आडबाजूच्या गावात तोच पहिला. घेताना किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो फिरवता येतो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा.

क्वालिस स्वस्तात मिळते म्हणून मोह होईल. सगळ्यात नवी क्वालिससुद्धा आता वीस वर्षांवर गेली. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, तपासणी करून. आणि इंजिन चांगलं असेल, त्याबद्दल मला शंका नाही. शंका चासीची आहे. कोकणातला पाऊस इंजिनला नाही, लोखंडाला खातो. तेव्हा पोतं अंथरा, गाडीखाली आडवे व्हा, आणि मागचे पाटे चासीला जिथे अडकवलेत तिथे पान्यानं ठोका. टणटण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर गाडी कितीही चालती असो, तिथूनच परत फिरा.

आणि गाडी कुठलीही असो, टोयोटा, सुझुकी नाहीतर आपली जुनी जीप, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करून उतरणारे अजून आहेत, इथेही बसलेत, हसू नका. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर जातो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक पेडल दाबलं तरी धरत नाहीत. हे जपानच्या कुठल्याही कारखान्याला आपल्यासाठी करता येत नाही.

तुमचे प्रश्न असतील ते आता विचारा. मागे कुणीतरी हात वर केला होता, बोला दादा.